अमेरिकेत कोर्ट आई-वडिलांचे हक्क कायमचे काढून घेतं ते कशावरून

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहिते म्हणजे बाकीच्यांना संदर्भ लागेल. भाऊ-वहिनी अमेरिकेत आहेत, मुलगी साडेतीन वर्षांची. भावाच्या दारूवरून घरात मारहाण झाली, शेजाऱ्यांनी पोलिस बोलावले, मुलांच्या संरक्षणाचं काम करणाऱ्या सरकारी एजन्सीने मुलीला घरातून नेलं. आता ती १३ महिने फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे तात्पुरतं सांभाळणाऱ्या दुसऱ्या कुटुंबात आहे आणि केस बघणारी एजन्सीची केसवर्कर म्हणतेय की एजन्सी लवकरच टीपीआरची, म्हणजे आई-वडिलांचे हक्क कायमचे संपवण्याची पिटिशन टाकणार. भावाचं म्हणणं, आमचं स्वतःचं घर आहे, दोघांचे पगार चांगले आहेत, जज सगळं बघेल आणि मुलगी परत देईल. तुम्ही विचारलंत, कोर्ट हे नेमकं ठरवतं कसं.

मी तिथे १६ वर्षं ह्याच केसेस लढतेय, आई-वडिलांच्या बाजूने. त्यामुळे आधी हेच सांगून टाकते की घर आणि पगार ह्यावर भावाने जी भिस्त ठेवलीय ती आजच सोडावी. फॉस्टर कुटुंब श्रीमंत की तुम्ही श्रीमंत, मूल कुठे जास्त सुखात वाढेल, ही तुलना कोर्टाने सुरुवातीला करायचीच नसते, आणि हे आई-वडिलांच्या फायद्याचंच आहे, कारण तसं असतं तर गरीब माणसाचं एकही मूल त्याच्याकडे राहिलं नसतं. पण त्याच कारणाने तुमच्या भावाचा पगारही त्याला वाचवत नाही. जजसमोर प्रश्न वेगळाच असतो: मुलीला ज्या कारणाने नेलं ते कारण आज संपलंय का, आणि संपलं नसेल तर जवळच्या काळात संपेल असं दिसतंय का.

कायदा प्रत्येक राज्याचा वेगळा आहे, त्यामुळे तिथल्या वकिलाचा शब्द शेवटचा धरा. पण सांगाडा सगळीकडे साधारण सारखाच, कारण वरून केंद्राचे कायदे आणि सुप्रीम कोर्टाचे निकाल आहेत. केसचे दोन टप्पे असतात. आधी एजन्सीने सिद्ध करायचं की राज्याच्या कायद्यात दिलेल्या कारणांपैकी एखादं तरी इथे लागू आहे. ही कारणं म्हणजे मुलाला सोडून देणं आणि महिनोन्महिने संपर्क न ठेवणं, गंभीर किंवा वारंवार छळ, दुर्लक्ष, न सुटणारं व्यसन, उपचार करूनही मूल सांभाळता येणार नाही असा दीर्घ मानसिक आजार, ऐपत असून खर्च न देणं, आधीच्या मुलावरचा हक्क कोर्टाने काढलेला असणं, आणि सगळ्यात जास्त वापरलं जाणारं कारण, ज्या परिस्थितीमुळे मूल नेलं ती संधी देऊनही न सुधारणं. हे सिद्ध झालं तरच दुसरा टप्पा, मुलाचं हित कशात आहे. पहिला टप्पा ओलांडल्याशिवाय दुसऱ्यावर जाता येत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा, कारण कोर्टात एजन्सीचे वकील पहिल्या दिवसापासून दुसऱ्याच टप्प्याचं बोलत असतात, मूल तिथे किती रमलंय, फॉस्टर आईला मम्मी म्हणतं वगैरे.

पुरावा किती लागतो? १९८२ सालचा सँटोस्की विरुद्ध क्रेमर हा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, न्यूयॉर्कमधून गेलेला, पाच विरुद्ध चार. त्याआधी न्यूयॉर्कमध्ये साध्या दिवाणी दाव्यासारखं चालायचं, पारडं जरासं एका बाजूला झुकलं की झालं. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आई-वडील आणि मूल हे नातं इतकं मूलभूत आहे की ते कायमचं तोडायला एवढ्यावर भागणार नाही, पुरावा स्पष्ट आणि पटणारा हवा. गुन्ह्याच्या खटल्यात लागतो तितका नाही, पण दिवाणीपेक्षा बराच वरचा. मूल मूळ अमेरिकन आदिवासी जमातीचं असेल तर १९७८ च्या खास कायद्यामुळे वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करावं लागतं, वर तज्ज्ञाची साक्षही लागते, आणि तो कायदा २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायम ठेवला. तुमच्या केसला तो लागत नाही, पण आमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं की सगळ्यांनाच तेवढं संरक्षण असायला हवं होतं, मलाही वाटतं.

आता मुदतीचं, कारण तुमच्या भावाची खरी लढाई कॅलेंडरशी आहे. १९९७ चा केंद्राचा कायदा म्हणतो की मूल फॉस्टर केअरमध्ये आल्यापासून १२ महिन्यांत एक सुनावणी व्हायलाच हवी, तिथे जज ठरवतो की ह्या मुलाचं पुढे कायमचं काय, घरी परत की दत्तक की आणखी काही. आणि मागच्या २२ महिन्यांतले १५ महिने मूल बाहेर राहिलं असेल तर एजन्सीला टीपीआरची पिटिशन टाकावीच लागते. हे महिने मोजायची सुरुवात मूल उचललं त्या दिवसापासून होत नाही, कोर्टाने दुर्लक्ष किंवा छळ झाल्याचं म्हटलं ती तारीख किंवा मूल नेल्यानंतरचा ६० वा दिवस, ह्यातलं जे आधी ते धरतात. काही राज्यांत लहान मुलांसाठी ह्याहून कमी वेळ देतात, आणि १५ महिने व्हायची वाट बघायलाच हवी असंही एजन्सीवर बंधन नाही. तुमच्या केसमध्ये १३ महिने झालेत म्हणजे ती १२ महिन्यांची सुनावणी बहुतेक होऊन गेली असणार किंवा अगदी तोंडावर असेल. झाली असेल तर तिथे मुलीच्या पुढच्या आयुष्याचा प्लॅन 'घरी परत'वरून बदलून 'दत्तक' झाला का, ते ऑर्डरच्या कागदावर बघायला सांगा, तोंडी कोण काय म्हणालं त्यावर जाऊ नका. प्लॅन बदलला की एजन्सी सगळं त्या दिशेनेच करायला लागते, आणि तो परत फिरवणं फार जड जातं.

ह्या १५ महिन्यांच्या नियमाला अपवाद आहेत. मूल नातेवाइकाकडे ठेवलेलं असेल, किंवा टीपीआर मुलाच्या हिताचं नाही असं ठोस कारण एजन्सीने फाइलमध्ये नोंदवलं असेल, किंवा घरी परत पाठवण्यासाठी ज्या सेवा द्यायला हव्या होत्या त्या एजन्सीने वेळेत दिल्याच नसतील. हा तिसरा अपवाद माझ्या कामात सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. १९८० पासून कायदा म्हणतोय की एजन्सीने कुटुंब एकत्र आणायचे रास्त प्रयत्न केले पाहिजेत (फार भयानक प्रकार असेल तर सूट आहे, म्हणजे मुलाचा अमानुष छळ, लैंगिक अत्याचार, दुसऱ्या मुलाचा खून वगैरे). म्हणजे नुसता केस प्लॅन (मूल परत मिळायला आई-वडिलांनी काय काय करायचं त्याची यादी) हातात देऊन जा करून ये म्हटलं आणि त्या क्लासची वेटिंग लिस्ट पाच महिन्यांची, किंवा क्लास इंग्लिशमध्ये आणि वहिनींना इंग्लिश जेमतेम, तर ते रास्त प्रयत्न झाले का हा प्रश्न वकिलाने विचारायचा असतो, पण तो वेळेवर विचारायचा, प्रत्येक सुनावणीत विचारायचा, लेखी विचारायचा. ट्रायलच्या दिवशी पहिल्यांदा म्हणालात की आम्हाला दुभाषी मिळाला नव्हता, तर जज विचारणारच की मग एवढे महिने तुम्ही गप्प का होतात.

मी नेहमी सांगते की केसचा निकाल ट्रायलला लागत नाही, तो त्याच्या आधीच्या वर्षभरात हळूहळू लागलेला असतो. बहुतेक राज्यांत ज्युरी नसते (टेक्सासमध्ये मागता येते), एकटा जज असतो, आणि त्याच्यासमोर एक जाडजूड फाइल. त्या फाइलमध्ये काय आहे तर व्हिजिटच्या, म्हणजे आई-वडिलांच्या मुलाशी ठरवून दिलेल्या भेटींच्या नोंदी, दारू-ड्रग्जच्या टेस्टचे रिपोर्ट, थेरपिस्टचं पत्र, केसवर्करचे महिन्याचे अहवाल, मुलासाठी नेमलेल्या प्रतिनिधीचा रिपोर्ट. साक्षीला तीच माणसं येतात आणि त्याच कागदांवरून बोलतात.

व्हिजिटचं जरा जवळून सांगते. एक छोटी खोली, फरशीवर गालिचा, कोपऱ्यात प्लास्टिकची खेळणी, आणि खुर्चीवर पॅड घेऊन बसलेली एक बाई जी सगळं लिहीत असते, कितीला आले, काय आणलं, मूल धावत आलं की दाराशीच थांबलं, निघताना रडलं का. माझी एक अशील होती, ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदलतेय. ती मुलाशी आपल्या भाषेतच बोलायची, दुसरं काय बोलणार. सुरुवातीच्या नोंदी मी वाचल्या तर प्रत्येक पानावर एकच: आई मुलाच्या कानात काहीतरी कुजबुजते, काय ते समजत नाही. दोन ठिकाणी तर लिहिलं होतं की आई मुलाला पढवत असावी. मी पुढच्याच सुनावणीत अर्ज केला, व्हिजिटला दुभाषी द्या. मिळाला. त्यानंतरच्या नोंदी अशा: आईने माकडाची गोष्ट सांगितली, मुलगा शेपटीची नक्कल करत होता, शेवटी मांडीवर झोपला, आईने बूट काढून ठेवले. तीच आई, तोच मुलगा, तीच खोली. ट्रायलमध्ये मी ती पानं एकामागून एक वाचून दाखवली. म्हणून म्हणते, वहिनींना व्हिजिटच्या नोंदींची कॉपी वकिलाकडून मागायला सांगा आणि प्रत्येक पान वाचायला सांगा. आणि एकही व्हिजिट चुकवू नका, बर्फ पडो, ऑफिसची मीटिंग असो, चुकणारच असेल तर आधी लेखी कळवा.

आता भावाबद्दल स्पष्ट लिहिते, वाईट वाटलं तर माफ करा. माझ्याकडे एक वडील आले होते, जवळपास तुमच्या भावाचीच गोष्ट. प्लॅनमधलं सगळं केलेलं, पॅरेंटिंगचा क्लास, रागावर नियंत्रणाचा क्लास, दारूसाठी समुपदेशन, सात सर्टिफिकेटं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये क्रमाने लावलेली. साक्षीला उभे राहिले, सगळं नीट चाललं होतं. मग जजने स्वतः एकच प्रश्न विचारला, तुमच्या मुलाला घरातून का नेलं असं तुम्हाला वाटतं? ते म्हणाले, शेजाऱ्यांनी उगाच पोलिस बोलावले म्हणून. मी बाजूच्या टेबलावर बसले होते, मला तेव्हाच कळलं. निकालपत्रात ते उत्तर शब्दशः होतं. क्लासला हजेरी लावणं आणि माणूस बदलणं ह्यात जज फरक करतात, आणि तो करायलाच हवा असं मलाही मनापासून वाटतं, कारण पुन्हा त्याच घरात तेच लेकरू जाणार असतं. भाऊ अजून 'शेजाऱ्यांमुळे झालं' म्हणत असेल तर त्याचं सगळ्यात मोठं नुकसान तिथेच होतंय. त्याने मारहाणीची जबाबदारी घ्यायला हवी, मात्र कुठे आणि कोणत्या शब्दांत ते आधी वकिलाला विचारून, कारण त्याच घटनेवर फौजदारी केस चालू असेल तर इथे बोललेलं तिथे वापरलं जाऊ शकतं. दोन्ही वकिलांनी एकमेकांशी बोलणं गरजेचं आहे.

आणि वहिनी. आपल्याकडे नवरा-बायको म्हणजे एक पार्टी असं आपण धरून चालतो, हे कोर्ट तसं धरत नाही. प्रत्येकाचा हक्क वेगळा तपासतात, एकाचा जाऊन दुसऱ्याचा राहू शकतो. वहिनींनी स्वतः कोणाला मारलेलं नाही, पण मारहाण होत असताना मुलीला त्यातून बाहेर काढलं नाही, आणि आजही काही झालंच नव्हतं म्हणत असतील, तर एजन्सी त्याला 'मुलाचं संरक्षण करण्यात अपयश' म्हणेल आणि तेवढ्यावर त्यांचाही हक्क धोक्यात येईल. त्यांनी नवरा सोडावा असं मी सांगत नाहीये, तो निर्णय त्यांचा. पण त्यांच्या हिताचं काय आणि भावाच्या हिताचं काय हे ह्या घडीला एकच असेलच असं नाही, म्हणून एकच वकील दोघांसाठी बोलत असेल तर ते चूक आहे.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर? १९८१ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की राज्यघटनेनुसार अशा प्रत्येक केसमध्ये फुकट वकील द्यायलाच हवा असं नाही. पण बहुतेक राज्यांनी स्वतःच्या कायद्यानेच तो हक्क दिलाय, फक्त मागावा लागतो. अपिलाबाबतही १९९६ चा एक निकाल आहे, मिसिसिपीमधल्या एका आईला साक्षींची टंकलिखित प्रत काढायला २,३५२ डॉलर लागत होते म्हणून तिचं अपीलच अडलं होतं, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पैसे नाहीत म्हणून ह्या केसमध्ये अपिलाचा दरवाजा बंद करता येणार नाही. अपिलाची मुदत मात्र फार थोडी असते, काही राज्यांत तर नेहमीच्या दिवाणी अपिलापेक्षाही कमी, निकालाच्या दिवशीच वकिलाला तारीख विचारून ठेवायची.

दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे मुलीच्या हिताचा विचार होताना, वय, आई-वडिलांशी असलेला लळा, फॉस्टर घरात किती काळ आहे, तिथले लोक दत्तक घ्यायला तयार आहेत का, भावंडं कुठे आहेत, तब्येतीच्या गरजा काय, हे सगळं येतं. मोठ्या मुलाला स्वतःचं मतही असतं, बऱ्याच राज्यांत १४ वर्षांच्या (काही ठिकाणी १२) पुढच्या मुलाच्या संमतीशिवाय दत्तक होत नाही, त्यामुळे मोठ्या मुलांच्या केसमध्ये टीपीआर टाळायला थोडी जागा असते. साडेतीन वर्षांच्या मुलीबाबत उलट आहे, तिच्या आयुष्यातला जवळजवळ एक तृतीयांश काळ बाहेर गेलाय आणि प्रत्येक महिना तिकडचं पारडं जड करतोय.

तुम्ही खाली विचारलंय की भाऊ भारतात परत आला तर काय. नुसतं भारतात राहणं हे हक्क काढायचं कारण होऊ शकत नाही. नेब्रास्काच्या सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये ग्वाटेमालाला परत पाठवलेल्या एका आईचा हक्क परत दिला होता आणि म्हटलं होतं की कुठला देश मुलांना जास्त सुखसोयीचा ह्यावरून त्यांचं हित ठरत नाही. पण म्हणून केस अर्धवट टाकून भावाने विमानात बसायचं नाही! व्हिजिट बंद पडल्या, क्लास बंद पडले की एजन्सी सरळ मूल सोडून दिलं असं लिहील, आणि सुनावणीला गैरहजर राहिलं तर काही ठिकाणी त्याच दिवशी एकतर्फी निकाल लागतो. भारतीय वकिलातीला जरूर कळवा, दुभाषी, कागदपत्रं, नातेवाइकांची माहिती ह्यात मदत होते, पण मुलगी तिथे जन्मलेली म्हणजे अमेरिकन नागरिक असेल आणि वकिलात कोर्टाचा निकाल फिरवू शकत नाही, त्या आशेवर महिने घालवू नका.

हक्क गेला म्हणजे काय जातं तेही सांगते, कारण पुष्कळ जणांना हा ताब्यासारखा प्रकार वाटतो, पुढेमागे बदलून घेऊ असं. तसं नाहीये. भेटीचा हक्क जातो, शाळा-दवाखान्याचे निर्णय जातात, मुलगी कुठे आहे ते तुम्हाला कळवायचं बंधन कोणावर राहत नाही, कायद्याच्या नजरेत तुम्ही त्या मुलीचे कोणीच नाही. आम्ही वकील ह्याला दिवाणी कोर्टातली फाशी म्हणतो. काही राज्यांत मूल दत्तक गेलंच नाही तर हक्क परत मिळवायचा रस्ता आहे, पण तो फार अरुंद. शिवाय पुढे दुसरं मूल झालं तर आधीचा निकाल त्याच्या केसमध्येही पुढे येतो. म्हणूनच काही वेळा एजन्सी सुचवते की तुम्ही स्वतःहून हक्क सोडा, त्याचे परिणाम वेगळे असतात, कधी भेटीचा काही करारही होतो, पण वकिलाने वाचल्याशिवाय त्या कागदावर सही करू नका, घाई करतील तरी नाही.

शेवटी तुमच्यासाठी, कारण तुम्ही आत्या आहात आणि तुम्ही काही करू शकता. २००८ पासून कायदा आहे की मूल नेल्यापासून ३० दिवसांत एजन्सीने आजी-आजोबा आणि इतर सज्ञान नातेवाइकांना शोधून कळवायचं. तुम्हाला किंवा आईबाबांना काही पत्र, ईमेल, फोन आला होता का? आला नसेल तर ते भावाच्या वकिलाला आजच सांगा, एजन्सीच्या प्रयत्नांवर बोट ठेवायला ते कामाचं आहे. आणि तुमच्यापैकी कोणी मुलीला सांभाळायला तयार असेल तर तसं लेखी द्या, आवडेल म्हणून नव्हे तर आमचं नाव नातेवाईक म्हणून तपासा असं स्पष्ट शब्दांत. परदेशातल्या घराची तपासणी व्हायला महिने लागतात, अमेरिकेतच दुसऱ्या राज्यात कोणी चुलत-मामे भावंड असेल तर ते जास्त लवकर होतं, त्यांचंही नाव द्या. नातेवाइकाकडे मूल गेलं तर १५ महिन्यांची सक्ती सैल होते, आणि हक्क न तोडता कायमचं पालकत्व नातेवाइकाला द्यायचा पर्यायही बऱ्याच राज्यांत आहे, त्यात भाऊ-वहिनी आई-वडीलच राहतात. फक्त केसवर्करचा फोन आला की आमच्या भावाने काही केलेलं नाही, असं म्हणू नका. ती हे तपासणारच की हे नातेवाईक मुलीला वाचवतील की भावाला झाकतील. काय झालं ते आम्हाला माहीत आहे, तो दारू प्यायलेला असताना मुलीला त्याच्यासोबत एकटं ठेवणार नाही, एवढं साधं आणि खरं बोला.

आणि हो, वहिनींना वेगळा वकील आहे का, ते आज रात्रीच फोन करून विचारा, भाऊ समोर नसताना.